फरशीच्या फटी साफ करताना: सोडा कधी, लिंबू कधी आणि दोन्ही एकत्र का नको

टाइलवरून ओला पोछा फिरतो तेव्हा टाइल पुसली जाते आणि पोछ्यातलं गढूळ पाणी फटीत उतरतं. फट टाइलपेक्षा थोडी खोल असते आणि शिवाय पाणी पिते. गवंडी तिच्यात जे ग्राउट भरतो ते म्हणजे सिमेंट, बारीक वाळू आणि रंग; जुन्या घरांत तर नुसतं पांढरं सिमेंट. पाण्याबरोबर आलेली माती, साबण, तेल सगळं आत मुरतं, पाणी तेवढं उडून जातं. कोकणात तेही सहजी उडत नाही. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. त्या चार महिन्यांत न्हाणीघराची फट सकाळी भिजली की दुसऱ्या दिवशीच्या आंघोळीपर्यंत वाळत नाही.

दुकानातलं बाथरूम ॲसिड ओतलं की फट एका मिनिटात पांढरी होते, हे खरं. पण ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, आणि ते मळाबरोबर सिमेंटही खातं. वरचा थर विरघळला की खालचं कोरं सिमेंट दिसतं, म्हणून ती पांढरी. चार-सहा वेळा असं केलं की फट खडबडीत होते, वाळू सुटू लागते आणि मळ पूर्वीपेक्षा लवकर धरतो. त्यात गावाकडे सांडपाणी जातं सेप्टिक टँकमध्ये नाहीतर शोषखड्ड्यात, आणि टँकमध्ये मैला कुजवणारे जिवाणू ॲसिडच्या बाटल्यांनी मरतात.

घरातल्या पाच वस्तूंत बहुतेक काम होतं: खायचा सोडा, धुण्याचा सोडा, लिंबू, रिठे आणि मेडिकलच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड. शेवटचं काही परसात उगवत नाही, पण काम झाल्यावर त्याचं नुसतं पाणी आणि ऑक्सिजन होतो, म्हणून या यादीत ते चालतं. कुठल्या डागाला काय लावायचं एवढं मात्र कळायला हवं. चुकीची वस्तू लावली तर डाग नुसता राहत नाही, पक्का होतो.

आधी डाग ओळखा

लाल-तपकिरी रंग कोकणात दोन ठिकाणांहून येतो. अंगणातून पायांबरोबर आलेली जांभ्याची माती सगळ्या खोलीभर सारखी पसरलेली असते, दाराजवळ जास्त. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातलं लोह मात्र नळाखाली, बादलीच्या जागी आणि पाणी वाहतं त्या वाटेवर पट्ट्यासारखं दिसतं. शंका असेल तर पांढरं सुती फडकं भिजवून फटीवर दहा-बारा वेळा जोराने रगडा. फडकं लाल झालं तर माती. फडकं जवळजवळ कोरं राहिलं आणि फट होती तशीच लाल, तर लोह.

काळ्या रंगाचंही तसंच. कोपऱ्यात, शॉवरखाली, भिंत आणि फरशी मिळते तिथे ठिपक्याठिपक्यांनी आलेला काळा रंग बहुधा बुरशीचा. त्यावर पेरॉक्साइडचे दोन थेंब टाकून दहा मिनिटं थांबा. ठिपका फिकट झाला तर बुरशी, काहीच फरक नाही तर साबण-तेलाचा जुना मळ. पडवीत नाहीतर मागच्या दारी हिरवट, बुळबुळीत असेल ते शेवाळ. ओट्यामागे पिवळट-चिकट ते तेल. आणि पांढरी पूड, जी ओली केली की नाहीशी होते आणि वाळली की परत येते, तो लोणा.

मग फटीवर पाण्याचा एक थेंब ठेवा. अर्ध्या मिनिटात तो मुरून जागा गडद झाली तर साधं सिमेंटचं ग्राउट. थेंब गोल उभा राहिला तर फटीवर सीलर, म्हणजे पाणी मुरू न देणारं द्रावण, लावलेलं आहे किंवा आत एपॉक्सी, म्हणजे पाणी न पिणारं रेझिनचं ग्राउट, भरलेलं आहे. एपॉक्सीला एवढा खटाटोप लागत नाही, कोमट पाणी आणि रिठे पुरतात.

सोडा आणि व्हिनेगर

मोबाइलवर दिसणारा लाडका उपाय असा: फटीत सोडा भरायचा, वरून व्हिनेगर ओतायचं, फसफसताना बघत बसायचं. बघायला छान वाटतं. पण सोडा आम्लारी आणि व्हिनेगर आम्ल, दोघं भेटले की एकमेकांना निकामी करतात. मागे राहतं सोडियम ॲसिटेट नावाचं क्षार विरघळलेलं पाणी, आणि फेस म्हणजे निव्वळ कार्बन डायऑक्साइड. ५ टक्क्यांच्या १०० मिलिलिटर व्हिनेगरला निकामी करायला साधारण ७ ग्रॅम सोडा पुरतो, म्हणजे चहाचे सपाट दीड चमचे. फेसाने सुटलेली माती थोडी वर येते, तेवढाच लाभ, आणि तो ब्रशने जास्त मिळतो. दोन्ही वस्तू चांगल्या आहेत, वेगवेगळ्या दिवशी.

नेहमीचा मळ: सोड्याचा लेप

माती, साबण, रोजचा काळपटपणा यांना हा लेप पुरतो.

पहिलं काम कोरडं. केरसुणीने, मग कोरड्या टूथब्रशने फटीतली सुटी माती काढा. हे टाळून एकदम पाणी ओतलं की जांभ्याच्या धुळीचा चिखल होतो आणि ब्रश तोच चिखल आत दाबतो. तासभर घासूनही फट गुलाबी राहिली, अशा तक्रारींत बहुधा हेच झालेलं असतं.

खायचा सोडा तीन भाग, पाणी एक भाग. लेप दोसाच्या पिठापेक्षा घट्ट हवा, चमच्यावरून ओघळता कामा नये. ५ फूट × ७ फूट न्हाणीघरात फूटभराच्या टाइल्स असतील तर फरशीच्या फटींची लांबी ५८ फुटांच्या आसपास भरते, त्याला ३०० ग्रॅम सोडा धरा. डब्यात पडून जुना झालेला, ढोकळा फुगवत नाही असा सोडाही इथे चालतो. इथे काम त्याच्या बारीक कणांचं आहे. ते कण टाइलच्या झिलईपेक्षा मऊ असतात, म्हणून चरे पडत नाहीत.

एका वेळी ३ × ३ फुटांचाच तुकडा घ्या. फट ओली करा, बोटाने किंवा चमच्याच्या टोकाने लेप भरा, १० ते १५ मिनिटं ठेवा. एप्रिल-मेच्या दुपारी पंख्याखाली तो त्याआधीच सुकू लागतो. तेव्हा हाताने पाणी शिंपडा. मग घासा. आधी फटीच्या दिशेने पुढेमागे, नंतर छोट्या गोल फेऱ्यांनी.

ब्रशबद्दल जरा थांबायला हवं, कारण निम्मं काम त्याचं आहे. जुना टूथब्रश मऊ पडलेला असतो, त्याचे केस फटीत न शिरता आडवे होतात. कात्रीने ते अर्धे कापा. उरलेलं बोटभर रुंदीचं खुंट कडक होतं आणि दाब थेट फटीवर पडतो. तारेचा ब्रश किंवा तारेची घासणी वापरू नका. तिचे बारीक तुकडे फटीत अडकतात आणि खाऱ्या हवेत दोन दिवसांत गंजतात, मग काळ्याच्या जागी नारिंगी ठिपके. मोठ्या पडवीला नारळाचं सोडण उत्तम. एका टोकाला ठेचून काथ्या मोकळा करून घ्या. मात्र ताज्या सोडणाचा तपकिरी रंग उतरतो आणि पांढऱ्या फटीत मुरतो. दोन-तीन दिवस पाण्यात टाकून, पाणी बदलून, मगच ते हातात घ्या. चुलीची राख भांड्यांना ठीक, फटीला नको. तिच्यातला कोळसा फटीत बसला की निघत नाही.

घासून सुटलेला मळ लगेच ओल्या फडक्याने टिपून घ्या, फडकं बादलीत पिळा, पाणी काळं झालं की बदला. नुसतं पाणी ओतून ढकललं तर तो शेजारच्या फटीत जाऊन बसतो. शेवटी दोन वेळा स्वच्छ पाण्याने धुवा. सोडा राहिला तर वाळल्यावर पांढरट पापुद्रा दिसतो आणि लोक त्याला लोणा समजून घाबरतात. उन्हाळ्यात खाडीकाठच्या विहिरी मचूळ होतात, तेव्हा शेवटचं धुणं तरी गोड्या पाण्याने करा.

स्वयंपाकघर

ओट्यामागच्या फटीत खोबरेल असतं. ते २४ अंशांच्या खाली थिजतं, म्हणून डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी गार पाण्याने घासणं म्हणजे मेणावर घासणं. दुपारी करा किंवा गरम पाणी घ्या, हाताला सोसेल इतकं. तेलाला खायचा सोडा कमी पडतो. धुण्याचा सोडा, एक लिटर गरम पाण्यात एक मोठा चमचा, फडक्याने लावून दहा मिनिटं. त्याने कातडी कोरडी पडते, म्हणून हातमोजे. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना तो लागू देऊ नका, ती काळी पडतात.

रोजच्यासाठी रिठ्याचं पाणी बरं: १० ते १२ रिठे, बिया काढून, लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दहा मिनिटं उकळून गाळा. बाहेर दोन दिवसांवर टिकत नाही. पाणी तपकिरी असतं, ते फटीत वाळू देऊ नका.

हळदीचा डाग मात्र सोड्याने लाल होतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात तीच क्रिया. लालभडक पट्टा बघून अजून सोडा टाकू नका. पाण्याने धुवा, रंग पुन्हा पिवळ्यावर येईल, मग त्यावर पेरॉक्साइडमध्ये भिजवलेला कापूस अर्धा तास ठेवा. ऊन येत असेल तर खिडकी उघडी टाका. हळद उन्हात उडते. कोकमाच्या आगळाचंही तेच, सोडा लागला की जांभळा रंग निळसर-करडा होतो आणि डाग बदलला की वाढला ते कळेनासं होतं. आधी साधं पाणी, मग पेरॉक्साइड.

मासे साफ केलेल्या मोरीत आधी गार पाणी. गरम पाण्याने रक्त फटीत शिजून बसतं.

काळी बुरशी

मेडिकलमध्ये मिळणारं पेरॉक्साइड बहुधा ६ टक्क्यांचं असतं, बाटलीवर ‘२० व्हॉल्यूम’ असं लिहिलेलं. त्यात तेवढंच पाणी घालून ते ३ टक्के करा. सोड्याने घासून, धुऊन, फट निथळल्यावर हे लावा. ओथंबलेल्या फटीत ते मुरत नाही, वरच वाहून जातं. १५ मिनिटं ठेवून घासा, धुवा. उभ्या भिंतीवर थांबत नसेल तर कापसाची वात करून ती पेरॉक्साइडमध्ये बुडवा आणि फटीवर चिकटवा, तासाभराने काढा.

हट्टी डागाला दोन चमचे सोडा आणि एक चमचा ३ टक्क्यांचं पेरॉक्साइड असा लेप. लागेल तेवढाच करा. उरलेला बाटलीत भरून झाकण लावलं तर आत वायू साठत राहतो आणि बाटली फुटते. रंगीत ग्राउट फिकट पडू शकतं, म्हणून दाराआडच्या कोपऱ्यात आधी बघा.

पेरॉक्साइड व्हिनेगरमध्ये मिसळू नका, त्यातून डोळ्यांना आणि घशाला झोंबणारं पेरॲसिटिक आम्ल तयार होतं. आणि घरात ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं द्रावण असेल तर त्याच्याजवळ लिंबू, व्हिनेगर, बाथरूम ॲसिड यांतलं काहीही नेऊ नका. क्लोरीन वायू सुटतो. लहान बंद न्हाणीघरात तो जीवावर बेततो.

नळाच्या कडेचं किंवा कमोडभोवतीचं सिलिकॉन काळं झालं असेल तर घासण्यात वेळ घालवू नका. बुरशी त्याच्या मागे असते. कापून काढून नवीन भरावं लागतं.

लोहाचा डाग: इथे आंबटच लागतं

सोडा, पेरॉक्साइड, ब्लीच, तिन्ही इथे निरुपयोगी, आणि ब्लीचने तर लोहाचा गंज अजून पक्का होतो. लोह सुटतं आम्लाने. पण आम्ल सिमेंटही सोडवतं, म्हणून इथे मोजून काम.

त्याआधी फरशी कसली आहे ते बघा. शहाबादी, कडप्पा, कोटा हे तिन्ही चुनखडीचे दगड, संगमरवरही त्याच कुळातला. यांतल्या कशावरही लिंबू, व्हिनेगर, चिंच नको. चकाकी जाते आणि पांढुरके डाग पडतात ते पॉलिशवाल्याशिवाय जात नाहीत. जुन्या घरांतल्या नक्षीच्या सिमेंटच्या लाद्यांनाही हेच लागू. खालचं फक्त सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड टाइल्ससाठी.

वाण्याकडचं लिंबूसत्त्व ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, १०० मिलिलिटर पाण्यात. लिंबाचा रसही साधारण त्याच ताकदीचा, पण त्यात साखर असते, नीट धुतलं नाही तर मुंग्या येतात. परसात बिलिंबी असेल तर तिचा रस लोहाला लिंबापेक्षा सरस, कारण तिच्यात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं आणि ते लोहाला धरून पाण्यात उतरवतं. चिंच आणि आमसूल पितळेपुरतं ठेवा. दोघांचा रंग फटीत उतरतो.

फट आधी साध्या पाण्याने पूर्ण भिजवा. छिद्रांत पाणी भरलेलं असलं की आम्ल आत न शिरता वरच्या डागावर काम करतं. जुन्या सुती साडीची बोटभर पट्टी रसात बुडवून फटीवर ठेवा. तीन ते पाच मिनिटं, घड्याळ लावून. पट्टी उचलली की ती पिवळट झालेली दिसेल, ते सुटलेलं लोह. हलकं घासा, भरपूर पाण्याने धुवा, मग लिटरभर पाण्यात मोठा चमचाभर खायचा सोडा विरघळवून ते ओता, म्हणजे मागे राहिलेलं आम्ल संपतं. सोडा आणि आंबट यांची गाठ घालायची जागा हीच. एका फेरीत डाग गेला नाही तर आठवड्याने दुसरी, आणि वर्षाकाठी तीन-चार फेऱ्यांच्या पुढे नको. गळता नळ मात्र आधी दुरुस्त करा.

शेवाळ आणि लोणा

शेवाळाला धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी, सोडण किंवा हिराचा खराटा, आणि ऊन. दोन दिवस ऊन लागलं तर अर्धं आपोआप सुटतं. भर पावसात पडवीतलं शेवाळ पांढरंशुभ्र होईपर्यंत घासत बसू नका, आठवड्यात परत येईल. पाय घसरणार नाही एवढं करा आणि बाकीचं नवरात्रासाठी ठेवा.

लोणा कोरड्या ब्रशने झाडून सुपडीत भरा. पाणी ओतलं की तो विरघळून पुन्हा फटीत शिरतो. दोन-तीनदा झाडूनही त्याच जागी येत असेल तर खालून पाणी येतंय: गळका पाइप, फुटलेला ट्रॅप किंवा जमिनीची ओल. तिथे प्लंबर लागतो, ब्रश नाही.

कधी करावं, आणि नंतर

मोठी सफाई मेच्या मध्यात किंवा दिवाळीच्या आधी. दोन्ही वेळा फट मनापासून वाळते. दुकानातला फटीत मुरणारा सीलर लावायचा असेल तर तोही नोव्हेंबर ते मे याच काळात, धुतल्यावर निदान दोन दिवस कोरडं ठेवून. जुलैत लावला तर ओल आत कोंडते आणि सीलरखाली फट काळी पडते. घरगुती सीलर म्हणून खोबरेल किंवा जवसाचं तेल चोळायचा सल्ला फिरत असतो. तेलाला धूळ चिकटते आणि बुरशीला खाऊ मिळतो, त्या नादी लागू नका.

पावसाळ्यात रोज आंघोळ झाल्यावर वायपर ओढा, भिंतीवरूनसुद्धा, आणि दार उघडं ठेवा. बादल्या-टब एकाच जागी पाण्यात उभे राहू देऊ नका, त्यांच्याखालीच पहिलं काळं वर्तुळ येतं. आठवड्यातून एकदा कोपऱ्यांवर ३ टक्के पेरॉक्साइडचा फवारा पुरे. बाटली गडद रंगाची हवी, उजेडात ते निकामी होतं.

चतुर्थीला चार दिवस उरले असताना मुंबईहून येऊन बंद घर उघडणाऱ्यांसाठी क्रम थोडा वेगळा. न्हाणीघरात मखमलीसारखी बुरशी असेल तर आधी केरसुणी लावू नका, तिची पूड नाकातोंडात जाते. खिडक्या उघडा, नाकाला रुमाल किंवा मास्क बांधा, पेरॉक्साइड फवारून १५ मिनिटं ठेवा, ओल्या फडक्याने टिपून घ्या, मग सोड्याचा लेप. चार दिवसांत फट पांढरी होईल, पण वाळणार नाही. पंखा लावून ठेवा. परत निघताना फरशी कोरडी करा, बादल्या पालथ्या घाला, मुख्य कॉक बंद करा आणि पावसाची झड आत येत नसेल अशी एखादी खिडकी बोटभर उघडी ठेवा.

एवढं करूनही काही फटी गडदच राहतात. त्यांत किल्लीचं टोक हलकेच ओढून बघा. वाळू भुरभुरली तर तिथे साफ करण्यासारखं काही उरलेलं नाही. दोन-तीन मिलिमीटर खरवडून, धूळ काढून, फट ओलसर करून नवीन ग्राउट भरा आणि पहिले तीन दिवस तिच्यावर ओलं फडकं ठेवा.